गिऱ्हाइकाची हस्तकला

हातमागावरची साधी पैठणी विणायला महिना-दीड महिना लागतो. पदर आणि अंग नक्षीने भरलेले असेल तर वर्षही जाते. ती विकत घ्यायला जवळपास तेवढाच काळ लागतो, फक्त माणसे जास्त लागतात. विणायला एक किंवा दोघे पुरतात आणि ते शक्यतो गप्प बसून काम करतात. खरेदीला किमान पाच जण लागतात आणि त्यांतला एकही गप्प बसत नाही. विणकराच्या कौशल्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले. गिऱ्हाइकाच्या कौशल्याची तशी दखल कुणी घेतली नाही, हा अन्यायच म्हणायचा. कारण विणकराने वर्षभर खपून जे जमवून आणले त्यात दोन तासांत सतरा खोड्या काढायच्या, तर त्यालाही साधना लागतेच.

ही साधना जुनी आहे. पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या गावांहून अकीक आणि कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तिथून माल परदेशी बाजारपेठांत जाई. त्याच शतकात थोरला प्लिनी या रोमन लेखकाने हिशेब मांडला की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी रोमचे दहा कोटी सेस्टर्स ओढून नेतात. आणि त्याचे खापर त्याने चैनीवर व बायकांवर फोडले. साडीच्या दुकानाबाहेर गाडीला टेकून उभ्या राहणाऱ्या नवऱ्यांची लेखी परंपरा इथून सुरू होते. प्लिनीने स्वतःच्या अंगावर किती खर्च केला, हे त्या हिशेबात येत नाही. अशा हिशेबात ते कधीच येत नसते. पुढे पैठणच्या विणकरांना पेशव्यांचा आश्रय मिळाला, निजामाचाही मिळाला. राजाश्रय गेला आणि लोकाश्रय आला, तेव्हा विणकराच्या कानावर पहिल्यांदा "शेवटचे किती घ्याल?" हा प्रश्न पडला असावा.

पैठणीचे नाव पैठणचे असले तरी तिचा मोठा बाजार आज नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात आहे. पुण्यात लक्ष्मी रोडवर आणि मुंबईत दादरला पैठणी हवी तेवढी मिळते. पण जाणते गिऱ्हाईक तिथे घेत नाही. "मधले दलाल कशाला पोसायचे? थेट विणकराकडून घेऊ," असा ठराव घरात पास होतो आणि सहलीची आखणी सुरू होते. शिर्डी वाटेवरच असल्यामुळे साईबाबांचे दर्शनही होते. गाडीचे भाडे, टोल, ड्रायव्हरचे जेवण, सर्वांची मिसळ, शिर्डीतला मुक्काम, पेढे आणि एका आत्याची उलटीची गोळी एवढा खर्च करून दलालाचे दीड हजार वाचवता येतात. बाकीचा खर्च देवदर्शनाच्या खात्यावर पडतो, त्यामुळे साडी स्वस्तच पडते.

पथकाची रचना ठरलेली असते. मध्यभागी उत्सवमूर्ती, म्हणजे जिच्यासाठी साडी घ्यायची ती. तिला मताचा अधिकार असतो, पण शेवटचा. तिच्या शेजारी जाणकार मावशी. मावशींच्या लग्नातली पैठणी त्यांच्या वडिलांनी नऊशे रुपयांत घेतलेली असते आणि त्यानंतर जगात भाववाढ झाल्याचे त्यांना कुणी सांगितलेले नसते. तिसरी भाची. ती वाटेत मोबाइलवर सात व्हिडिओ पाहून रेशमाची तज्ज्ञ झालेली असते. चौथी शेजारीण, ती "मी आपली नुसती बघायला आलेय" असे सांगून निघते आणि बहुतेक वेळा पहिली खरेदी तीच करते. पाचवा पुरुष. तो एकच असतो, त्याला बसायला प्लास्टिकची खुर्ची मिळते, आणि त्याच्याकडे दुकानदार अधूनमधून चहाचा कप आणि सहानुभूतीची नजर पाठवत राहतो.

दुकानात शिरल्यावर आधी माग बघायचा असतो. बऱ्याच दुकानांच्या मागच्या खोलीत किंवा शेजारच्या घरात तो असतो. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसलेला असतो, समोर ताणा ताणलेला, आणि पदरावर रंगीत रेशमाच्या बारीक बारीक तिल्ल्या लोंबत असतात. नक्षीतल्या प्रत्येक रंगाला स्वतंत्र तिल्ली. ती हाताने आत घालायची, हव्या तेवढ्याच ताण्यातून काढायची, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवायची आणि फणी ठोकून पुढच्या ओळीला लागायचे. मोराचा एक डोळा पुरा व्हायला अशा किती ओळी लागतात, हे पाहून पथक खरोखर हेलावते.

"बापरे, डोळे जातील हो तुमचे!" मावशी म्हणतात.

"दिवसाला किती होतं हे, दादा?"

"पदराचं बारीक काम असलं तर इंच-दीड इंच, ताई."

"अगंबाई! आणि मग उरलेला वेळ काय करता?"

विणकर हसतो. हा प्रश्न त्याने आधीही ऐकलेला असतो. भाची मागावर बसून धोटा हातात धरते आणि तिचा व्हिडिओ निघतो. व्हिडिओखाली 'आपला वारसा' असे लिहून तो तिथूनच पाठवला जातो. कलेविषयीची ही कळकळ अस्सल असते, यात शंका घ्यायचे कारण नाही. तिची मुदत मागच्या खोलीपासून पुढच्या खोलीतल्या किमतीच्या चिठ्ठीपर्यंत असते, एवढेच.

पुढच्या खोलीत गादी असते. तिच्यावर पांढरी चादर आणि चादरीवर बैठक. इथून घड्या मोडण्याचा कार्यक्रम सुरू होतो. पहिल्या दहा साड्या कुणी घेण्यासाठी बघतच नाही. त्या डोळे बसण्यासाठी असतात. दुकानातला पोरगा एकेक साडी झटका देऊन उलगडतो, पदर खांद्यावर घेऊन उभा राहतो आणि स्वतःच्या दाढीला शोभत नसतानाही शांत चेहऱ्याने मुनिया, मोर, कमळ, कुयरी, आसावली अशी नावे सांगत जातो. अर्ध्या तासाने गादी दिसेनाशी होते. "अजून काय आहे?" हा प्रश्न त्यानंतर येतो.

रंगाचा मुद्दा अवघड आहे. पूर्वी रंगांना नावे होती. काळ्या अंगाची नि लाल काठाची ती काळी चंद्रकळा, पांढरी शुभ्र ती शिरोदक, पोपटी ती राघू. बाई नाव सांगायची आणि साडी यायची. आता रंग नकारांनी सांगतात. "भडक नको, पण उठून दिसायला हवा. फिकट नको, पण सौम्य पाहिजे. जांभळा आहे घरात. हिरवा वहिनींकडे आहे. लाल आता वयाला नको. हा मोरपंखी चांगलाय, पण मोरपंखी नको." एवढे नकार वजा जाता जो रंग उरतो तो दुकानात नसतो आणि इंद्रधनुष्यातही नसतो. दुकानदार "सध्या हाच चालू आहे" असे म्हणून चिंतामणी रंगाची साडी काढतो.

धूपछाव पैठणीने तर घोटाळ्याला सीमा राहत नाही. तिच्यात ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा, त्यामुळे कोन बदलला की साडी रंग बदलते. विणकराच्या दृष्टीने हा कळस. गिऱ्हाईक मात्र ती दारात नेते, उन्हात धरते, परत आत आणते, ट्यूबलाइटखाली धरते, आणि विचारते, "हिचा खरा रंग कोणता?" दोन्ही खरे आहेत हे उत्तर समाधानकारक नसते. मग न्यू जर्सीला व्हिडिओ कॉल लागतो. तिथे रात्रीचे दीड वाजलेले असतात. लेक डोळे चोळत म्हणते, "आई, मला तर चॉकलेटी दिसतेय." फोन तिरका होतो. "आता ग्रे दिसतेय." फोन सरळ होतो. "आता तुझा अंगठा दिसतोय." वर्षभराच्या विणकामाचा निकाल अशा रीतीने एका अंगठ्यापाशी येऊन थांबतो, आणि साडी "बाजूला ठेवा"च्या ढिगात जाते. हा ढीग म्हणजे नकाराची सभ्य पद्धत आहे, हे दुकानदाराला माहीत असते. गिऱ्हाइकाला माहीत असते की त्याला माहीत आहे.

यानंतर कसोट्या. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच फिरून परततो. यंत्रावरच्या नकलेत मागच्या बाजूला धागे लोंबत राहतात. ही कसोटी सोपी आणि भरवशाची आहे. मावशी ती करायला जातात. पदर उलटतात. मोर. पुन्हा उलटतात. मोर. "उलटी बाजू कुठली?" त्या विचारतात. "तीच तर खूण आहे, मावशी," दुकानदार सांगतो. मावशींना फसवले गेल्यासारखे वाटते. ज्या साडीला उलटी बाजूच नाही तिच्यात खोट काढायची कुठून?

ती निघते. काठाजवळच्या एका मुनियेची चोच बाकीच्यांपेक्षा किंचित वर असते. "हे बघा, इथे चुकलंय." दुकानदार म्हणतो, "हातकाम आहे ताई, एवढं होणारच." "हातकाम आहे म्हणून काय झालं? मशीनवर कसं एकसारखं येतं!" मग तो एक अगदी निर्दोष साडी काढतो. तिच्यातला एकही पक्षी ओळ सोडत नाही. पथक ती बारकाईने बघते, एकमेकींकडे बघते, आणि भाची हळू आवाजात निकाल देते, "इतकी परफेक्ट? मशीनची असणार." या दोन निकालांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत महाराष्ट्रातला हातमाग उद्योग उभा आहे.

भाचीची कसोटी जळणाची असते. काठाचा एक धागा ओढून पेटवला तर खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. पॉलिस्टर असेल तर वितळून त्याचा टणक मणी होतो. माहिती अचूक आहे. फक्त बारा हजारांच्या साडीचा धागा दुकानदारासमोर ओढायचे धैर्य आणि काडेपेटी या दोन्ही गोष्टी एकाच पर्समध्ये सहसा सापडत नाहीत. म्हणून नुसताच वास घेतला जातो. सर्व जणी आळीपाळीने घेतात. पुरुषालाही बोलावून घ्यायला लावतात. तो "छान आहे" म्हणतो. कसला वास घ्यायचा होता, हे त्याला सांगितलेले नसते.

सरकारने गिऱ्हाइकाची ही मेहनत वाचवायचा प्रयत्न केला नाही असे नाही. 2004 मध्ये सिल्क मार्क आला, 2006 मध्ये हँडलूम मार्क आला, 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. त्याआधी 1985 च्या कायद्याने काही वस्त्रप्रकार फक्त हातमागासाठी राखून ठेवले. सुरुवातीला ते 22 होते, पुढे 11 उरले. दुकानदार बिल्ला दाखवतो. गिऱ्हाईक बिल्ल्याकडे बघते, दुकानदाराकडे बघते, आणि म्हणते, "बिल्ले काय, कुणीही छापतं." त्याच गिऱ्हाइकाला शेजारच्या बाकावर बसलेली संपूर्ण अनोळखी बाई म्हणाली, "घ्या हो, चांगली आहे, मी घेतलीय," की विश्वास बसतो. शासकीय यंत्रणेने या अनोळखी बाईचा अभ्यास करायला हवा.

आता भाव. दुकानात 'एकच भाव' अशी पाटी असते. ती वाचून झाल्यावर घासाघीस सुरू होते.

"शेवटचे किती, भाऊ?"

"ताई, एकच भाव. पाटी लावलीय ना."

"पाटी तर सगळेच लावतात. आम्ही नेहमीचे आहोत."

नेहमीचे हे पथक दुकानात पहिल्यांदाच आलेले असते. दुकानदारही "हो, ओळखलं की" असे म्हणतो. इथे कुणी कुणाला फसवत नाही. दोन्ही बाजू नमस्कार-चमत्कार करत असतात. गिऱ्हाईक मूळ किमतीच्या निम्म्याने सुरुवात करते. दुकानदार छातीवर हात ठेवतो. रेशीम बंगळूरहून येते, जर सुरतहून येते, कारागिराची मजुरी, दुकानाचे भाडे, मुलाचे इंजिनिअरिंग. गिऱ्हाईक आपल्या बाजूने लग्नाचा खर्च, हॉलचे भाडे, केटररचे दर मांडते. थोडा वेळ असे वाटते की दोघे एकमेकांकडून कर्ज मागत आहेत. मग भर दुपारी दुकानदार म्हणतो, "चला, भवानीची वेळ आहे, पाचशे कमी द्या." सकाळपासून त्याने अकरा साड्या विकलेल्या असतात, पण भवानी ही मनाची अवस्था आहे, ती घड्याळावर चालत नाही.

या नाजूक टप्प्यावर खुर्चीतला पुरुष जागा होतो आणि सर्वांसमोर मोठ्याने म्हणतो, "छान दिसतेय तुला ही. घेऊन टाक ना!" असे वाक्य एरवी वर्षानुवर्षे ऐकायला मिळत नाही, म्हणून कुणीतरी त्याचे कौतुक करावे. इथे मात्र ते दोन हजारांना पडते. दुकानदार छातीवरचा हात काढून घेतो आणि साडीची घडी घालायला लागतो. मावशी त्या पुरुषाकडे ज्या नजरेने बघतात, तिचा उल्लेख पुढे निदान तीन दिवाळ्यांपर्यंत होत राहतो.

उरतो तो निर्गमनाचा प्रयोग. "राहू दे मग, दुसरीकडे बघतो," असे म्हणून पथक उठते. खरे कौशल्य पुढच्या पन्नास सेकंदांत आहे. चपला पायात सरकवायच्या, पण पट्टा लागत नाही असे दाखवायचे. पिशव्या मोजायच्या. आत्याला हाक मारायची. वेग असा हवा की दुकानदाराला विचार करायला वेळ मिळावा, पण आपण थांबलोय असे वाटू नये. उंबरा ओलांडण्याआधी हाक आली तर गिऱ्हाईक जिंकले. ओलांडल्यावर आली तर बरोबरी. आणि आलीच नाही, तर पथकाला पाच मिनिटे रस्त्यावर उभे राहून "अगं, माझी ओढणी आत राहिली" असे काहीतरी कारण शोधावे लागते. डाव मात्र विणकराने आधीच जिंकलेला असतो. उत्सवमूर्तीचा जीव त्या तिरक्या चोचीच्या मुनियेवर बसलेला असतो आणि तिने तो पहिल्या पाच मिनिटांतच बसवलेला असतो. बाकीचे दोन तास रीत म्हणून.

आठशे रुपये कमी होतात. दुकानदार ते कमी करायचे ठरवूनच सकाळी दुकान उघडतो. याच साडीवरच्या ब्लाउजला शिंपी साडेतीन हजार शिलाई सांगतो, तेव्हा कुणी अवाक्षर काढत नाही. त्याच्याकडे कापड अडकलेले असते, शिवाय लग्न चार दिवसांवर असते. विणकरांनी ही युक्ती शिंप्याकडून शिकावी.

हीच पद्धत थोड्याफार फरकाने इतर हस्तकलांना लागू पडते. कोल्हापुरात चप्पल लाइनीला गेलेले गिऱ्हाईक चप्पल पायात घालण्याआधी वाकवते, हुंगते, जमिनीवर आपटते आणि चालून बघताना ती कितपत करकरते याकडे कान लावते. करकरली नाही तर खरी नाही. फार करकरली तर ऑफिसात घालता येणार नाही. नवी कापशी चप्पल पहिले काही दिवस पाय चावते, तेल पाजल्यावर नरम येते, हे दुकानदार सांगतो. गिऱ्हाईक ते मान डोलावून ऐकते आणि तिसऱ्या दिवशी फोन करते की चप्पल चावते. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक निर्देशन मिळाले, त्याचा गिऱ्हाइकावर विशेष परिणाम दिसला नाही. 2025 च्या जूनमध्ये मात्र इटलीतल्या मिलान शहरात एका बड्या फॅशन कंपनीने तिच्यासारखीच चप्पल कोल्हापूरचे नाव न घेता मंचावर आणली, आणि महाराष्ट्र पेटून उठला. सातशेच्या चपलेत शंभर कमी करा म्हणून ज्यांनी दुकानदाराचा अर्धा तास खाल्ला होता, त्यांनीच रात्री जागून कारागिरांच्या शोषणावर लांबलचक मजकूर लिहिले. त्या कंपनीने पुढे कोल्हापूरचे ऋण मान्य केले. शंभर रुपये मात्र परत गेले नाहीत.

वारली चित्रांचे गिऱ्हाईक जास्त हळवे. ही चित्रे मुळात पालघर-डहाणू-जव्हारकडच्या झोपड्यांच्या कुडाच्या भिंतींवर, गेरूवर तांदळाच्या पिठाने, लग्नाच्या वेळी सुवासिनी काढत. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि जगभर नेली. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. आता या चित्रांतली माणसे कपांवर, चादरींवर, फ्रिजच्या चुंबकांवर आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरही फेर धरून नाचतात. प्रदर्शनात कलाकार मुलगा चौकटीतले लग्न समजावून सांगत असतो. बाई शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "यात थोडा निळा मिळेल का? आमचा सोफा निळा आहे." मुलगा नाही म्हणतो. "मग निदान ही मागची माणसं जरा कमी करून द्याल? गर्दी वाटते." नवरामुलगा, तारपेवाला आणि पालघाट देवी एवढेच ठेवून बाकीचा पाडा हॉलच्या मापात बसवता आला, तर बाई चित्र लगेच घेतील.

सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे घेणे त्या मानाने निर्धोक. दिसायला हुबेहूब, न सडणारी, धुता येणारी. तोटा एवढाच की ती हॉलमधल्या टोपलीत ठेवली की पाहुण्यांमधले एक मूल केळे सोलायचा प्रयत्न करतेच, आणि त्याचे आजोबा "अरे, ते खोटं आहे" असे म्हणत स्वतः पेरू दाबून बघतात. खणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गुळेदगुड्डचा खण चोळीचा होता. सध्या तो पर्स, आकाशकंदील, लॅपटॉपची पिशवी, डायरी आणि कुत्र्याचा पट्टा यांचा आहे. चोळीला सोडून सगळ्याला तो शोभतो असे गिऱ्हाइकाने ठरवले आहे.

घरी आल्यावर पैठणीच्या तीन किमती होतात. सासूबाईंना सांगायची, मैत्रिणींना सांगायची आणि खरी. पहिली खऱ्यापेक्षा कमी असते, दुसरी जास्त, आणि खरी हळूहळू विसरली जाते. सांगताना घोटाळा झालाच तर तो एकाच हळदीकुंकवात होतो, कारण तिथे सासूबाई आणि मैत्रिणी एकत्र येतात. त्यातही कुणीतरी म्हणतेच, "अगं, एवढ्याला घेतलीस? त्या टीव्हीवर तर फुकट देत होते." 2004 मध्ये सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर' या कार्यक्रमाने पैठणी घराघरांत नेली, ही गोष्ट खरी. फुगे फोडून, तळ्यात-मळ्यात खेळून ती जिंकता येते, असाही एक समज त्याबरोबर घराघरांत गेला.

साडी नेसण्याचा प्रसंग वर्षातून एकदा, फार तर दोनदा. तोपर्यंत ती सुती कापडात गुंडाळून कपाटात. घडीवर जर तुटू नये म्हणून दर काही महिन्यांनी घडी बदलायची असते, आणि या निमित्ताने घरातल्या सगळ्या बायका पलंगावर जमून ती पुन्हा एकदा उलटीसुलटी करून बघतात. तिरकी चोच दाखवली जाते. "हे बघ, हातकाम. मशीनवर असं येतच नाही," आता उत्सवमूर्ती मोठ्या अभिमानाने सांगते. मावशी मान हलवतात आणि आपण तेव्हाच ओळखले होते, असे म्हणतात.

रेशीम कितीही सांभाळले तरी कधीतरी चिरते. मग आधी साडीचा परकर-पोलका होतो, परकराच्या उरल्या कापडाचे दोन उशांचे अभ्रे होतात, काठाचे तोरण होते. त्यातूनही शिल्लक राहिलेले जरीचे तुकडे आणि शेजारणीने त्या दिवशी भरीला घालून घ्यायला लावलेली दुसरी, यंत्रावरची साडी घेऊन बाई जिन्यात येतात, कारण खाली बोहारीण भांड्यांची टोपली घेऊन बसलेली असते. बोहारीण साडी उलटते. मागचे लोंबते धागे बोटाने बाजूला करते. जर चिमटीत धरून उजेडात नेते. कशालाही काडी न लावता तिला सगळे कळते.

"ह्याचं काही येत नाही, ताई. मशीनची हाय. आन् जर काळी पडलीय."

"अहो, येवल्याची आहे! तिथे जाऊन घेतली."

"असंल. बारकं पातेलं येईल."

"झाकणासकट?"

बोहारीण उत्तर देत नाही. भांडी एकेक करून टोपलीत रचते, पदराची चुंबळ करते, टोपली डोक्यावर घेते आणि जिना उतरायला लागते, फार घाईने नाही. दुसऱ्या वळणावर वरून हाक येते. पातेले ठरते. झाकण मिळत नाही.